हौदाकाठी विसरलेला पडदा

"मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका हं, पण हा हौद बुजवणार आहेत. आणि तो पडदा आहे ना, तोसुद्धा उद्या—"

एवढंच. मावशीचं वाक्य पुरं व्हायच्या आत आतून बाईंनी हाक मारली. मावशी बादली उचलून "आले, आले" करत गेली आणि रंगाऱ्याची बायको तोंड उघडं ठेवून तिथेच उभी राहिली. ती निदान मागोमाग जाऊन विचारू तरी शकत होती. मी कुठे जाणार? मी तारेवर लटकलेलो. आणि तो पडदा म्हणजे मीच.

तर मी पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचा तर नव्हेच. कुणी मोठा माणूस काही दान देतो, भिंतीवर नावाची पाटी लागते आणि सोहळ्याआधी त्या पाटीवर लाल मखमल झाकलेली असते ना, तो मी. दोरी ओढली की मी बाजूला होतो, टाळ्या पडतात, संपलं माझं काम. हौद बुजवतात की काय, या काळजीने माझा जीव टांगणीला लागावा, असं माझं त्याच्याशी काय नातं, हे कळायला जरा मागचं सांगावं लागेल.

माझा जन्म फीतकाकांच्या घरचा. पंखे बनवणारी एक मोठी कंपनी आहे. तिथे दानधर्माचं वेगळं खातं आहे. बाकीचे कर्मचारी चेष्टेने त्याला पुण्यखातं म्हणतात. त्या खात्यात फीतकाका नोकरीला. खिशात कायम फितीचं भेंडोळं आणि पिशवीत कात्री, म्हणून हे नाव पडलं. माझ्याआधी भाड्याचा पडदा असायचा. एका पाहुण्यांनी तो अडकला म्हणून जोर लावला, तर पाटीसकट खाली आला. तेव्हापासून काकांनी धसका घेतला. कापड आणलं आणि घरी काकूंच्या पुढ्यात टाकलं.

काकूंनी मला शिवलं. वर पितळी कड्या लावल्या, तळाला वजनाला बारीक साखळी घातली. दोरीच्या जागी मात्र पायजम्याची नाडी ओवली.

"अगं, साहेब ओढणार ही! आणि दोरी म्हणून नाडी?" काका दचकले.

"रेशमी दोरी कडीत अडकते. नाडी अडकत नाही. तुमचे पायजमे बघून छातीठोक सांगते," काकू म्हणाल्या.

खरंच कधी अडकली नाही. केवढे केवढे लोक ती ऐटीत ओढून गेले. आपण काय ओढतोय हे एकालाही कळलं नाही.

तेव्हापासून मी बऱ्याच पाट्या झाकल्या, कंपनीच्या आणि तिच्याबरोबर देणाऱ्या इतर दात्यांच्याही. दवाखान्याच्या खाटा, शाळेची बाकं, वाचनालय, पाण्याची टाकी, एकदा तर नुसता जिना. पाटीला चिकटून राहिलं की देणारा माणूस फार जवळून दिसतो. एका गृहस्थांनी आपलं नाव शेजारच्या पाटीवरच्या नावापेक्षा मोठं आहे ना, हे माझ्याआड हात घालून चाचपून बघितलं होतं. एक बाई मात्र दोरी ओढायच्या आधी मला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. पाटीवर त्यांच्या मुलाचं नाव होतं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा इकडे बघा." फीतकाकांनी त्याच्या कॅमेऱ्यापुढे आपली पिशवीच धरली.

श्रीमंत माणूस नावासाठी देतो, असं लोक म्हणतात. असेलही. पण एवढ्या जवळून बघून मला वाटायला लागलं, की बहुतेकांना आपण दिलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडावं असंच मनापासून वाटतं. ते उपयोगी पडलं की नाही हे बघायला मात्र कुणी थांबत नाही.

मीही त्यातलाच. टाळ्या संपल्या की माझी घडी, आणि घडी झाली की पिशवी. त्या बाकांवर पुढे कोण बसलं, त्या जिन्याने कोण वर गेलं, मला कधी कळलं नाही. आणि मला तर कळायची भारी हौस! कुणाकडे काय चाललंय हे समजल्याशिवाय माझ्या घड्या नीट बसत नाहीत.

कंपनीचे मालक, थोरले साहेब, यांचं तर तत्त्वच होतं परत न जाण्याचं. एकदा गाडीत फीतकाकांनी त्यांना विचारलं, "साहेब, मागच्या वर्षी दिलेल्या शाळेवरूनच रस्ता आहे. पाच मिनिटं डोकवायचं का?"

"नको," साहेब म्हणाले. "आमचे वडील सांगायचे, दिलं की पुन्हा त्या दारात जायचं नाही. देणारा परत गेला की घेणाऱ्याला उगाच उठून उभं राहावं लागतं. आपण कुणाला ओशाळं का करायचं?"

पिशवीत बसल्याबसल्या मला ते फार पटलं. केवढं मोठं मन, असं वाटलं. त्या घराची ती रीतच होती आणि कंपनीतही तीच रीत झाली. पुण्यखात्यातला कुणीही माणूस दिलेली वस्तू पुन्हा बघायला जात नसे.

मग तो हौद आला.

झटका येऊन अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं एक छोटं केंद्र आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. साहेबांनी तिथे कोमट पाण्याचा हौद बांधून दिला. काय दिसत होता सोहळ्याच्या दिवशी! लांबलचक, निळ्या फरशीचा, वर काचेचं छत. एका टोकाला पायऱ्या आणि धरायला दांडा, दुसरं टोक पुरुषभर खोल. पाण्यावरून अलगद वाफ निघत होती. पाटीवर साहेबांच्या गेलेल्या पत्नीचं नाव होतं.

बाई चार शब्द बोलल्या. "कोमट पाण्यात आखडलेला पाय सैल सुटतो. अंग हलकं होतं, पडायची भीती जाते. झटक्यानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात. ते वाया गेले की पुढे सगळंच जड जातं. आता ते वाया जाणार नाहीत." टाळ्या झाल्या. साहेबांनी नाडी ओढली, मी बाजूला झालो. बायकोचं नाव वाचलं आणि साहेबांना एकदम गलबलून आलं. फीतकाकांनी एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हातात त्यांची काठी घेतली आणि हळूहळू गाडीपर्यंत नेलं.

दोन्ही हात गुंतले होते. मी राहून गेलो.

एका टोकाने पाटीवर लोंबकळत मी पहिल्यांदाच सोहळ्यानंतरचं जग बघितलं. आधी खुर्च्या गेल्या. मग एक टेम्पो आला आणि बाहेरचा जनरेटर घेऊन गेला. मला वाटलं, तो दिव्यांसाठी असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पाण्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

पाणी तापवायचं यंत्र दांडगं होतं. केंद्राच्या मीटरला त्याचा भार पेलत नव्हता. मोठं मीटर घ्यावं, तर दर महिन्याचं बिल पेलणार नव्हतं. बाईंनी कंपनीत फोन लावला. तिकडून कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "मॅडम, आम्ही वस्तू देतो. चालू खर्चात आम्ही पडत नाही."

"भांडा की!" मावशी म्हणाली. मावशी म्हणजे केंद्रात झाडलोट करणारी. जीभ तिच्या झाडूपेक्षा लांब.

"भांडले तर म्हणतील, यांना दिलेलं गोड लागत नाही," बाई म्हणाल्या. "मग दुसरा कुणी तरी या दारात येईल का?" त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

आणि रंगारी तर दुसऱ्याच दिवसापासून येणार होता. घरं रंगवणारा, शिडीवर उभं राहून शीळ घालणारा माणूस. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत होतं, पाय मात्र लाकडासारखा. बायको त्याला धरून पायऱ्यांवरून पाण्यात घेऊन गेली. गार पाणी लागताच पायात असा गोळा आला, की त्याची किंकाळी काचेच्या छताला जाऊन आपटली.

"बाई, पाय दुखतोय म्हणजे आहे तरी जागेवर," धाप लागलेली असतानाही तो म्हणाला. बायको मात्र त्याचा पाय पुसता पुसता रडत होती.

मावशीने गॅसवर मोठमोठी पातेली चढवली. उकळतं पाणी पायऱ्यांपाशी ओतून बघितलं. हौदाने ते गिळलं आणि पुन्हा आपला गारच्या गार. भर उन्हाच्या दिवशी छतातून ऊन आलं की पायऱ्यांपाशी पाणी जरा सोसवायचं, तेवढ्या वेळात दोघातिघांना उतरवायचं. ढग आले की तेही नाही. बाकीच्या वेळी जमिनीवर सतरंजी टाकून व्यायाम, आणि पडायची भीती कायम. रंगाऱ्याचे ते मोलाचे महिने असे एकेक करून चालले होते आणि मी वरून बघत होतो.

अशाच एका उन्हाच्या दुपारी मला खरं काम मिळालं. एक मास्तरीणबाई यायच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, डावा हात आणि पाय अधू. पाण्यात उतरायला त्या तयारच होईनात.

"कपडे बदलायचे कुठे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. निळी फरशी होती, पाहुण्यांना बसायला लांब ओटा होता. नकाशा काढणाऱ्याने सगळं काढलं होतं, एवढं एक राहिलं होतं.

"सगळे तिकडे तोंड करून बसतील," मावशी म्हणाली.

"अगं, जन्मभर पोरांना तिकडे तोंड करा म्हटलंय मी. एक तरी कार्टं वळून बघतंच."

मग बाईंची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला पाटीवरून काढलं, कोपऱ्यात तार बांधली आणि तिच्यावर सोडलं. मास्तरीणबाई माझ्याआड आल्या. एका हाताने बटणं काढणं किती वेळाचं काम असतं, ते मी तेव्हा बघितलं. पाय उचलताना तोल जायला लागला, तेव्हा त्यांनी माझी कड मुठीत धरली. मी जमेल तेवढा ताठ राहिलो. आजवर दगडावरची अक्षरं झाकली, त्यांना काय लाज असणार? माझ्याआड उभं राहून कुणीतरी मोकळा श्वास घेतलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मग सगळ्याच बायका माझ्याआड यायला लागल्या. माझी मखमल ओली राहून राहून विरायला लागली, तळाला काळे डाग पडले. मला काही वाटलं नाही. उलट, किती गोष्टी ऐकायला मिळायच्या! कुणाची सून गुणी, कुणाचा जावई तिरसट, सगळं मला ठाऊक.

एक दिवस फीतकाका उगवले. पुढच्या सोहळ्याची तारीख जवळ आली होती आणि पडदा कुठे विसरला ते त्यांना शेवटी आठवलं होतं. दिलेल्या जागी परत जायचं नाही हा नियम, म्हणून बिचारे चोरासारखे आत आले. मी दिसलो. तोंडभर हसून त्यांनी माझी कड धरली.

"कोण आहे तिकडे?" माझ्यामागून मास्तरीणबाईंचा आवाज. "हात काढा आधी पडद्यावरचा! ओणवं उभं करीन!"

फीतकाकांचे हात जे उठले, ते थेट दोन्ही कानांकडेच गेले. "माफ करा हो, माफ करा! मी कंपनीतून आलोय, पडदा न्यायला—"

"माझ्या अंगावर टॉवेल आहे नुसता, आणि तुम्ही पडदा न्यायला आलात?"

रंगारी पायरीवर बसून एवढा हसला, की बायकोला त्याला धरावं लागलं. काकाही ओशाळून हसले, पण ते हसू लगेच मावळलं. त्यांनी पाण्यात बोटं बुडवली होती.

"हे गार कसं?"

बाईंनी सांगितलं. जनरेटर, मीटर, बिल, तो फोन. काका ओट्यावर बसले. "जनरेटर मीच मागवला होता," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुमची वीज यायला दोन दिवस असतील." जाताना ते माझ्यापाशी थांबले, मला लागलेला डाग अंगठ्याने पुसायला गेले आणि तसेच निघून गेले. रिकामी पिशवी घेऊन.

पुढचं त्यांनीच नंतर बाईंना सांगितलं, म्हणून मला कळलं. पुढच्या सोहळ्यात पाटीवर कॅन्टीनचा टेबलक्लॉथ लावला होता, चहाच्या डागासकट. साहेबांनी विचारलं, "आपला पडदा कुठे गेला?"

"हौदावर राहिलाय साहेब. ती माणसं तो द्यायला तयार नाहीत."

"माझा पडदा? मला देत नाहीत?"

"मला तरी दिला नाही. तुम्ही स्वतः गेलात तर गोष्ट वेगळी."

साधा दिसतो माणूस, पण नोकरीत केस काळ्याचे पांढरे झालेत.

आणि साहेब आले. फोटोवाला नाही, पुष्पगुच्छ नाही, बरोबर फक्त फीतकाका. काठी टेकत दारातच त्यांनी जाहीर केलं, "मी पडदा न्यायला आलोय. दुसरं काही बघायला नाही."

रंगारी पायरीवर पाय पाण्यात सोडून बसला होता. "या साहेब," तो म्हणाला. "उठून उभा राहिलो असतो, पण तेच शिकायला इथे येतो."

साहेब गडबडले. घाईघाईने विचारलं, "काय काम करता तुम्ही?"

"रंगारी. तुमचे फार उपकार आहेत साहेब माझ्यावर."

"माझे? ते कसे?"

"तुमच्या कंपनीतले लोक वर्षातून एकदा सेवा म्हणून शाळेची भिंत रंगवायला यायचे, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. भिंतीपेक्षा जास्त रंग टी-शर्टवर. ते गेले की हेडमास्तर मला बोलवायचे, ती भिंत नीट करायला. तुमच्या पुण्याईवर दर वर्षी माझी चूल पेटलीय."

"अहो, गप्प बसा!" बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

पण साहेब हसले. पोट धरून हसले. हसता हसता त्याच्याशेजारी पायरीवर टेकले. बूट काढले, मोजे काढले, फीतकाका वाकायला लागले तर त्यांना हातानेच थांबवलं आणि पाय पाण्यात सोडले.

"हे गार आहे!"

साहेबांनी वाकून हातही बुडवून बघितला.

"त्या दिवशी गरम होतं."

"त्या दिवशी जनरेटर होता साहेब," फीतकाका म्हणाले.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"फोन केला होता," बाई म्हणाल्या. "वाटलं, तुम्ही कधीतरी याल, तेव्हा सांगू. तुम्ही आलाच नाहीत."

"आम्ही परत येत नाही. लोकांना उगाच उठून—" साहेबांनी रंगाऱ्याच्या पायाकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं. जरा वेळाने म्हणाले, "बिल मी भरतो. आजपासून."

"तुम्ही भराल साहेब, त्यात शंका नाही. तुमच्यानंतर? दर महिन्याला मी तुमच्या ऑफिसच्या दारात उभी राहू?" बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "द्यायचंच असेल तर हा लहान करून द्या. खोल बाजू बुजवा. पायऱ्यांकडचं तेवढं पाणी आमच्या मीटरवर, छोट्या यंत्राने तापेल. ते बिल आमचं आम्ही भरू."

साहेबांचा चेहरा उतरला. आपण दिलेलं आपल्यासमोर मोडायला मागतायत, असं कुणाही देणाऱ्याला वाटेल. पण गोष्ट तेवढीच नव्हती.

"खोल बाजू मीच मागितली होती," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "शेवटच्या वर्षी तिला एका हॉटेलच्या तलावात उतरवलं होतं. पाय चालत नव्हते. पण पाण्यावर आडवी झाली, तरंगली आणि हसली. लग्नात हसली होती तशी. पुन्हा नाही हसली. म्हणून खोल हवा होता."

एवढी वर्षं मी त्यांच्या पाट्या झाकत होतो. आतलं त्या दिवशी बघितलं.

बाई त्यांच्याजवळ बसल्या. "साहेब, आमची माणसं तरंगायला येत नाहीत हो. पायाखाली जमीन लागली की त्यांना हसू येतं."

साहेबांनी ओल्या पायांवरच मोजे चढवले. मग ते, बाई आणि फीतकाका आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी कान लावून लावून थकलो, एक अक्षर ऐकू येईल तर शपथ! बाहेर आल्यावर साहेब माझ्याकडे न बघताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी टेप घेऊन आला आणि हौदाची मापं घेऊन गेला. आणि त्यानंतर मावशीच्या तोंडून ते अर्धं वाक्य पडलं.

आता कळली ना माझी धाकधूक?

रंगाऱ्याच्या बायकोने नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याचा पाय नुसती पुसत राहिली, कोरडा झाला तरी.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"तू काही नाही म्हणालीस की आपल्या घरात काहीतरी हमखास असतं."

मग तिने सांगितलं. "बुजवू दे. वरून छानसा रंग मारू आपण," असं म्हणाला खरा, पण म्हणता म्हणता त्याने तोंड भिंतीकडे केलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी फीतकाका आले आणि मला तारेवरून उतरवून पिशवीत घातलं. मावशीचं एक तर खरं ठरलं, मी मनाशी म्हटलं. पिशवीतल्या अंधाराची पूर्वी मला सवय होती. त्या दिवशी मात्र तिथे जीव घुसमटला. इथून पुढे मला काहीच कळणार नाही, रंगारी उभा राहिला का, तेसुद्धा नाही, हे डोक्यातून जाईना.

पिशवी उघडली ती काकूंच्या पुढ्यात.

"अगं बाई! काय दशा झाली याची!"

"तळचं विरलेलं काप," काका म्हणाले. "मागून प्लास्टिकचं अस्तर लाव, पाण्याचं काम आहे. लगेच परत द्यायचाय."

"हौद बुजवतायत ना? मग परत कुठे?"

"अर्धा बुजवतायत. आज पडदा काढल्यावर साहेबांनी स्वतः खडूने कुठवर बुजवायचं त्याची रेघ मारली. मग पुसली. मग पुन्हा मारली, बाईंनी सांगितलेल्यापेक्षा हातभर पलीकडे, खोल बाजूला. बाईंनी बघितलं, पण काही बोलल्या नाहीत."

काकूंची कात्री क्षणभर थांबली. माझाही जीव भांड्यात पडला.

काम झालं. बुजवलेल्या भागावर कपडे बदलायची एक छोटी खोली उभी राहिली. गवंड्याने तिला दार बसवलं, कडीकोयंडा लावला. पहिल्याच दिवशी कळलं, की अधू हाताला कडी सरकत नाही. दार काढलं आणि चौकटीत मी आलो, आखूड होऊन, अस्तर लावून. आता मी तिथेच असतो. मखमल टकली झालीय, रंग विटलाय. कुठल्याही पाटीवर लावायच्या लायकीचा राहिलो नाही. कंपनीने नवा पडदा घेतला म्हणे. त्याला माझा नमस्कार सांगा.

पाणी पहिल्यांदा तापलं त्या दिवशी रंगाऱ्याला पायऱ्यांवरून उतरवलं. छातीपर्यंत पाणी. बायकोने नेहमीसारखा दंड घट्ट धरला होता.

"सोडा आता," बाई तिला म्हणाल्या.

"पडतील हो."

"पाण्यात कुठे पडतील? सोडा."

तिने एक बोट सोडलं, मग दुसरं. शेवटी हात काढून घेतला, तरी तो हवेत तसाच धरून उभी राहिली. आणि रंगारी उभा होता. डुगडुगत होता, ओठ दातांखाली होता, पण स्वतःच्या पायांवर. मग त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं. शीळ घालायचा प्रयत्न केला, नुसती हवाच निघाली. शिडीवर तो बहुधा पुन्हा कधी चढणार नाही, असं बाई म्हणतात. हल्ली तो काठी घेऊन चालत येतो आणि रंग कोणता द्यावा यावर लोकांना फुकट सल्ले देतो.

मावशीची बातमी अर्धीच खरी ठरली. मावशी मात्र म्हणते, "माझी बातमी पुरी खरी होती. मला पुरं बोलू दिलं असतं तर कळलं असतं."

साहेब अधूनमधून येतात. कुणाला आधी कळवत नाहीत, कुणी सामोरं जात नाही. पायरीवर बसतात, मोजे काढतात, कोमट पाण्यात पाय सोडून गप्प बसून राहतात. एखाद्याचा तोल गेला तर हात देतात. नाहीतर नुसते बघतात.

म्हणून ज्यांच्याकडे देण्यासारखं आहे त्यांना या जुन्या पडद्याची एक विनंती आहे. द्या, जरूर द्या. नाव लावायचं असेल तर खुशाल लावा, माझा नवा भाऊ झाकील. पण टाळ्या संपल्यावर एकदा परत या. तुमच्यामुळे कुणी ओशाळं होईल याची भीती बाळगू नका. लोकांना तेवढी फुरसत नसते. परवाच मावशी फरशी पुसत पुसत साहेबांपर्यंत आली आणि फडकं पिळता पिळता त्यांना म्हणाली, "साहेब, जरा पाय वर घ्या."

साहेबांनी पाय वर घेतले.